वडशात पाणबुड्याचं घड्याळ

वडशात अमुक मिळत नाही असं म्हटलं की इथला माणूस चिडतो, आणि त्याचं बरोबर आहे. दिवाळी ते होळी हा झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम. त्या दिवसांत या गावात एका फोनवर नायक मिळतो, खलनायक मिळतो, लावणीची नर्तकी, राजवाड्याचा पडदा, जनरेटर आणि कोंबडा आरवेपर्यंत चालणारं अख्खं तीन अंकी नाटक मिळतं. धानाच्या गिरण्या आहेत, बाजारपेठ आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या कित्येक पिढ्यांनी पहिली आगगाडी आमच्याच स्टेशनात पाहिली. अशा गावात मी डाइव्ह कॉम्प्युटर विचारत फिरलो. समुद्र इथून किती लांब? मालवण सरळ रेषेत मोजलं तरी आठशे किलोमीटरच्या पुढे. त्यापेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो, पण त्याचाही इथल्या बाजारपेठेवर काही परिणाम झालेला नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. दाबाचा धडा फळ्यावर शिकवून शिकवून कंटाळलो आणि तो अंगावर घ्यायला तारकर्लीला गेलो. तिथे पर्यटन विकास महामंडळाची स्कूबाची संस्था आहे, आजूबाजूला मालवणच्या पोरांची केंद्रं आहेत. रीतसर शिकलो, १८ मीटरपर्यंत उतरायचं प्रमाणपत्र मिळालं. परत आल्यावर स्टाफरूममध्ये ते दाखवलं तर एका सहकाऱ्याने विचारलं, “सर, याची वेतनवाढ मिळते का?”

शिकताना यंत्र केंद्राचं होतं. आता स्वतःचं हवं होतं. हे मनगटावर घड्याळासारखं बांधतात. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली टाकीतली हवा श्वासात घेतली की नायट्रोजन रक्तामांसात विरघळत जातो. सावकाश वर आलात तर तो निमूट निघून जातो, घाई केलीत तर अंगात त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यासांध्यातून कळा निघतात. पूर्वी याचं गणित छापील तक्त्यावर करत. पण तक्ता असं धरून चालतो की तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागी ठिय्या देऊन बसला होतात. यंत्र क्षणोक्षणी खरी खोली मोजतं आणि अजून किती मिनिटं थांबता येईल ते सांगत राहतं. १९८३ च्या सुमारास अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बाजारात आली. वडशाच्या बाजारात नव्हे.

पहिल्यांदा गेलो मोबाइलच्या दुकानात. काउंटरवरचा पोरगा माझाच जुना विद्यार्थी. त्याने चटकन दीड हजाराचं स्मार्टवॉच काढलं. “सर, फुल वॉटरप्रूफ. याच्यात कॉलिंग बी आहे.”

“पाण्याखालून फोन कुणाला लावू?”

“घरी लावा ना सर, उशीर होईन म्हणून.”

मी त्याला समजावलं की घड्याळावर ५ एटीएम छापलेलं असलं म्हणजे ते घालून ५० मीटर खाली जायचं असं नाही. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो, हातपाय मारणाऱ्या माणसाचा नसतो. आणि नायट्रोजनचा हिशेब तर त्या घड्याळाच्या गावीही नसतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बारावीतही तो असाच ऐकायचा. मग म्हणाला, “सर, हे ऑनलाइन पाहा.” दुकानदार स्वतःच गिऱ्हाइकाला ऑनलाइन धाडायला लागला की समजावं, आपली मागणी माणसात बसत नाही.

ऑनलाइन पाहिलं. तिथे काय नाही! वीस-पंचवीस हजारांच्या साध्या यंत्रापासून लाखाच्या वरच्या रंगीत पडद्याच्या यंत्रापर्यंत सगळं. फिनलंडचं, इटलीचं, कॅनडाचं. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय: “पॅकिंग उत्तम. वस्तू सुंदर. अजून वापरली नाही. पाच तारे.” ज्या वस्तूवर जीव टांगायचा तिची शिफारस खोक्यावरून! परदेशी दुकानात किंमत बरीच कमी दिसली, पण तिच्यावर टपालखर्च, मग सीमाशुल्क, मग वॉरंटीच्या बारीक अक्षरांत एक वाक्य: अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं नसेल तर कंपनी ओळख दाखवणार नाही.

अमेरिकेतली माझी बहीण म्हणाली, “अरे दादा, मी भेट म्हणून पाठवते की.” मी नियम वाचायला बसलो. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून टपालाने आलेल्या भेटीला शुल्कमाफी नाही. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. आणि सरकार किती बारकाईने विचार करतं पाहा, राखी चालेल पण राखीसोबतची भेट चालणार नाही, हेही तिथे लिहून ठेवलंय. बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरोबरच आहे. राखीला भेट भावाने द्यायची असते.” त्या वर्षी मला राखी आली आणि तिला पैसे गेले. कॉम्प्युटर राहिला बाजूला.

घरच्या आघाडीवरही शांतता नव्हती. “अहो,” बायको म्हणाली, “पन्नास हजारांचं यंत्र बांधून तुम्ही बुडणार कुठे? वैनगंगेत?” मुद्दा बिनतोड होता. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस याच वैनगंगेने आम्हांला पळता भुई थोडी केली होती, पण उन्हाळ्यात तिच्यातून माणूस पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून जातो. बहुतेक यंत्रं सव्वा मीटर खाली गेल्याशिवाय बुडी सुरू झाली असं मानतच नाहीत. म्हणजे मे महिन्यात मी पात्रात आडवा पडलो तरी यंत्राच्या लेखी मी जमिनीवरच.

शेजारच्या काकांना मात्र शास्त्रात रस. त्यांना सांगितलं की १९०८ साली हॉल्डेन नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमारासाठी पहिले तक्ते केले, ते बकऱ्यांवर प्रयोग करून. बकऱ्यांना दाबाच्या बंद खोलीत ठेवायचं, दाब उतरवायचा आणि कोणती बकरी पाय आखडून उभी राहते ते बघायचं. पुढे झुरिकच्या ब्यूलमान यांनी शरीराचे १६ काल्पनिक कप्पे मानून गणित बसवलं, तेच आज बऱ्याच यंत्रांत असतं. काका विचारात पडले. “मंग त्या बकऱ्यांचं पुढं काय केलं गा?” मला माहीत नव्हतं. काकांचा विज्ञानावरचा विश्वास तिथेच थोडा उतरला.

नदीवर जाळं टाकणाऱ्या ढिवर म्हाताऱ्यालाही फोटो दाखवला. त्याने छातीवर हात ठेवला. “आमाले हे सांगते.” त्याचंही खरं होतं. एका श्वासात बुडणाऱ्याच्या अंगात नायट्रोजन शिरून शिरून किती शिरणार? भानगड आहे ती खाली बसून टाकीतली हवा पिणाऱ्याची.

शेवटी गेलो मेन रोडवरच्या घड्याळवाल्याकडे. विकत घ्यायला नव्हे, सहज. डोळ्याला भिंग, समोर उघडं पडलेलं कुणाचं तरी लग्नातलं घड्याळ. मोबाइलवर यंत्राचा फोटो दाखवला. त्याने किंमत विचारली नाही, कॅनडा की इटली विचारलं नाही. एवढंच विचारलं, “सेल कोनता पडते? झाकन आपल्याले खोलता येते का? अन् बिघडली तं दाखवाची कुठं?”

इतके दिवस मी जे वाचत होतो त्यात पडद्याचे रंग होते, ब्लूटूथ होतं, होकायंत्र होतं. हे प्रश्न नव्हते. खरं तर पहिलं यंत्र घेताना विचारायचं तेवढंच. काही यंत्रांचा सेल घरी बदलता येतो, काहींचा फक्त कंपनीच्या सेवाकेंद्रात. घरी बदलायचा तर झाकणाखालची रबरी रिंग स्वच्छ हवी, तिला सिलिकॉनचं ग्रीस हवं. तिच्यावर एक केस अडकला तरी पाणी आत, आणि यंत्राचा पेपरवेट. घड्याळवाल्याने खण ओढून सीआर २४५० सेल माझ्यापुढे टाकला. “हा असन तं मी बसवून देतो. पान्याची गॅरंटी नाही.” एवढं प्रामाणिक वॉरंटीपत्र मी त्याआधी कुठेच वाचलं नव्हतं.

मग मालवणला गेलो. स्थानिक खरेदीसाठी महाराष्ट्र आडवा ओलांडणारा मी एकटाच असेन. ज्याने मला शिकवलं त्याच्या मनगटावर जे साधं यंत्र होतं, तेच आधी भाड्याने बांधून पाण्यात उतरलो. आकडे मोठे, बटणं कमी, सेल २४५०. वर येताना ते ५ मीटरवर ३ मिनिटं थांबवतं आणि थांबलो नाही तर बोंब मारतं. तसंच नवं तिथेच घेतलं. परदेशी दुकानापेक्षा महाग पडलं. पण पैसे मोजताना त्या पोराने विचारलं, “परत कसे जाणार सर?” मी म्हटलं, कोल्हापूरवरून. “मग आज नको. उद्या संध्याकाळी निघा.” शेवटच्या बुडीनंतर १८ तास विमानात बसू नये हे मला पाठ होतं, पण आंबोली ६९० मीटरवर आहे आणि घाट चढणं हेही उंचावर जाणंच, हे लक्षात आणून दिलं त्याने. यंत्राच्या पडद्यावर विमानाचं चित्र असतं, एसटीचं नसतं.

वडशात आल्यावर यंत्र बादलीत बुडवून सगळ्या गल्लीला दाखवलं. पाणी लागताच ते जागं झालं, खोली शून्य दाखवली. “शून्य?” बायको म्हणाली. “एवढे पैसे देऊन?” ते समुद्राच्या पाण्यावर लावलेलं होतं, गोड्या पाण्यावर लावून पाहिलं. शून्यच.

तर पहिलं यंत्र घेणाऱ्याला माझं सांगणं असं: ज्याच्यासोबत पाण्यात उतरायचं त्याच्याकडूनच घ्या, आणि त्याच्या हातात जे आहे तेच घ्या. दुसरं खुशाल ऑनलाइन मागवा, तोवर काय विचारायचं ते कळलेलं असेल. वडसा-देसाईगंजात कुणाला सेल बदलायचा असेल तर मेन रोडवर घड्याळवाला आहे. रबरी रिंग मात्र आपली न्यावी.