पाणी न मागणारी बॅटरी

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात डिस्टिल्ड वॉटर न मागणारी बॅटरी हातोहात खपावी, यात नवल नाही. 'लिथियम आहे, शंभर एएच!' दुकानदार म्हणतो आणि आपण खूश. सोयरिकीत मुलाच्या पगाराआधी सातबारा विचारणारे आपण, किती व्होल्टवर शंभर एएच, हे मात्र विचारत नाही. १२ व्होल्टवर ते जेमतेम १.२ युनिट भरतात, ५१.२ व्होल्टवर ५.१२. पाच एचपीची मोटर पूर्ण लोडवर तासाला चाराहून अधिक युनिट ओढते. म्हणजे महागडी बॅटरीही तासाभराची पाहुणी. सरकारी सौर कृषी पंपाला बॅटरी नसते, ते काही उगाच नव्हे.

तरी घ्यायचीच. बसवायची कुठे? नांदेडात, पत्र्याच्या खोलीत, जुन्याच इन्व्हर्टरला, सेटिंग लेड-अ‍ॅसिडचीच ठेवून. मे महिन्यात बाहेर ४३ अंश. पत्र्याखाली किती, ते पत्र्यालाच ठाऊक. बॅटरीला सांभाळणारा आतला सर्किट-राखणदार, बीएमएस (सगळ्या व्यवहारात शहाणा एवढाच), बॅटरी तापली की चार्जिंग तोडतो; बॅटरी उतरली की पंखे थांबतात. आणि तारेचा संबंध केव्हाच तोडलेला गडी सवयीने महावितरणलाच शिव्या घालतो.