दोन धरू नका!

लॉगकाकांचं एका आकड्याशी उभं वैर आहे. तो आकडा म्हणजे दोन.

काकांचं आयुष्य बॉम्बे हायच्या तेलविहिरींचे लॉग, म्हणजे मोजमापांच्या नोंदी, वाचण्यात गेलं. निवृत्तीनंतर ते झाईला समुद्राजवळ येऊन राहिले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगनं बॉम्बे हायला तेल शोधलं तेव्हा काका शाळेत होते, पण हकीकत अशी सांगतात, की रिगवर चहा यांनीच वाटला असावा. घोलवडचा चिकू खाता खाता समोरचा माणूस ‘हो का!’ म्हणतो, आणि तिथंच फसतो.

‘‘विहिरीत उपकरण सोडायचं आणि दगड विजेला किती अडवतो ते मोजायचं. खारं पाणी वीज नेतं, तेल नेत नाही. रोध जास्त दिसला, मग काय समजाल?’’

‘‘तेल जास्त.’’

‘‘चूक!’’ या शब्दासाठी काका सकाळपासून थांबलेले असतात.

मग १९४२ सालचा आर्ची येतो. शेल कंपनीतल्या या गृहस्थानं रोधावरून पाण्याचं प्रमाण काढायचं सूत्र बसवलं. त्यात पाण्याच्या प्रमाणाला एक घात आहे आणि जग तो डोळे मिटून दोन धरतं. काकांचं म्हणणं, दोन चालतो तो कणांना पाणी चिकटून राहतं अशा दगडात. तिथं मध्ये तेल भरलं तरी कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा सलग राहतो आणि वीज त्यावरून निघून जाते. पण बॉम्बे हायचा दगड चुनखडीचा. आणि चुनखडीला पुष्कळदा तेलाचाच लळा. तेल भिंतींना चिकटलं की पाणी मधल्या पोकळीत थेंबाथेंबानं तुटून पडतं. पाणी आहे, पण विजेला वाट नाही. घात आठाच्याही वर जाऊ शकतो. ‘‘तुम्ही दोन धरलात, की ते पाणी तेलाच्या खात्यात जमा!’’

एवढ्यावर भागत नाही. दोन वाट्यांत किनाऱ्यावरची वाळू येते. एक तशीच कोरडी, दुसरी शेंगदाण्याच्या तेलात चोळलेली. दोन्हींत सारखंच समुद्राचं पाणी, चमचाभर. मीटरच्या तारा पहिलीत खोचल्या, की काटा टुणकन उडतो. दुसरीत पाण्याचे मणी नुसते लोळतात आणि काटा ढिम्म. काका विजयानं पाहुण्याकडे बघतात, काकू तेलाच्या बरणीकडे.

हा घात मोजणाऱ्या प्रयोगशाळेवरही त्यांचा राग आहे. विहिरीतून काढलेला दगड टोल्युइननं धुतात. धुताना त्याची मूळ आवडच, पाण्याची की तेलाची, पालटू शकते. ‘‘पावडर लावून बसवलेला मुलगा बघून रंग ठरवायचा!’’ दगडाच्या बाबतीत काका बरोबर आहेत, हे कबूल करायला हवं. पंचाईत एवढीच, की ते दगडापाशी थांबत नाहीत. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तर गवंड्याला हात लावू दिला नाही; आधी मीटर. गवंडी तंबाखू मळत बसला आणि रोज पूर्ण घेऊन गेला.

परवा बंदरावर बोंबलाचे वाटे लागले होते. मावशी आपली सहज म्हणाली, ‘‘काका, दोन धरा.’’

‘‘दोनच का? आधाराशिवाय?’’

मावशीनं टोपली सरकवली. मागे रांग, वर कावळे. आर्ची १९४२ पर्यंत पोचला तोवर काकूंनी तीन वाटे पिशवीत टाकून पैसे दिले होते.

‘‘बघितलंत?’’ काका रांगेकडे वळून म्हणाले, ‘‘तीन आले!’’