हाय-फाय साधनेचा आरंभविधी

हाय-फाय म्हणजे मूळ ध्वनीशी एकनिष्ठ असल्याचा दावा करणारी यंत्रसामग्री. तिचा छंद जडल्याचे प्रमुख लक्षण असे, की भीमसेन जोशींची तान समेवर कशी आली यापेक्षा डग्गा डाव्या स्पीकरच्या किती हात मागे वाजतो याची चौकशी गृहस्थ करू लागतो. हे लक्षण दिसल्यावर घरच्यांनी उपाय शोधू नयेत, कारण ती वेळ टळलेली असते.

आरंभ टर्नटेबलपासून करावा. 1948 साली अवतरलेली, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी मुंबईच्या चोरबाजारात अजून सापडते. तिच्यावर खर्जाचे ध्वनी मुद्दाम दाबून आणि टिपेचे मुद्दाम उचलून कोरलेले असतात, कारण खर्ज पूर्ण ताकदीने कोरल्यास खाचा इतकी जागा खातील की एका बाजूवर राग मावणार नाही. ही वाकडी केलेली गोष्ट सरळ करणाऱ्या पेटीस फोनो प्रीॲम्प म्हणतात. ती ॲम्प्लिफायरमध्येच बसवलेली आढळल्यास साधकाने खेद व्यक्त करून वेगळी विकत घ्यावी. सुईचा तबकडीवरील भार सहसा दोन ग्रॅमच्या आसपास ठेवायचा असल्याने त्यासाठी एक नाजूक काटाही लागतो, आणि तो घरात आला की प्रकरण सोनाराच्या पेढीच्या दिशेने चालले आहे हे कुटुंबास न सांगता कळते.

ॲम्प्लिफायरची शक्ती वॅटमध्ये मोजतात. ती दुप्पट केल्यास आवाज केवळ 3 डेसिबलने चढतो, आणि तो कानास दुप्पट भासावा यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. हे गणित दुकानात जाण्यापूर्वी पाठ करावे व दुकानात शिरताच विसरावे. पुढे अनुभवी साधक वॉल्व्हकडे, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्व काळातील तापणाऱ्या काचनळ्यांकडे वळतो. वॉल्व्ह मूळ स्वरात त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराचा, बारीक अंश मिसळतात. शास्त्र याला विकृती म्हणते आणि साधक ऊब म्हणतो. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी काढणाऱ्यांना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती, फक्त त्यांचा खर्च दोऱ्यापुरता होता, आणि एकनिष्ठतेचा दावा तर त्यांनी कधी केलाच नाही.

मानवी कान साधारणपणे 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो, परंतु वरची मर्यादा वयाबरोबर उतरत जाते. त्यामुळे उत्तम ट्विटर, म्हणजे टिपेचे ध्वनी काढणारा छोटा स्पीकर, भविष्य निर्वाह निधीतून घेतला जातो तेव्हा त्याची वरची कंपने मुख्यतः नातवंडांनाच ऐकू येतात. तेव्हा नातवंडांचे मत विचारू नये.

उरला वायरींचा अध्याय. स्पीकरपर्यंतचे अंतर थोडे असेल तर पुरेशी जाड, साधी तांब्याची वायर काम निभावते, हे विद्युतशास्त्राचे मत साधकाने आदरपूर्वक ऐकून घ्यावे आणि चांदीच्या वायरीची चौकशी चालू ठेवावी. एखाद्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर मेहुण्याने डोळे बांधून दोन वायरींतला फरक ओळखण्याची पैज घातल्यास ती तत्काळ स्वीकारावी, मात्र पंखा चालू असताना सूक्ष्म फरक कळत नाही आणि पंख्याविना बसवत नाही या कारणास्तव परीक्षा थंडीपर्यंत तहकूब ठेवावी. थंडीत मेहुण्याला सर्दी असते.