डोकं फिरायलाही गाव लागतं

आपल्याकडे माणूस बिघडला की त्याला ठाण्याला, येरवड्याला नाहीतर नागपूरला धाडतात. गोऱ्या सोल्जरचं उलटं. तो धडधाकट देवळालीला यायचा आणि तिथे बिघडायचा.

इंग्रजीत ‘डूलाली’ नावाचं एक विशेषण आहे. अर्थ, डोकं फिरलेला. जन्मगाव, नाशिकशेजारची आपली देवळाली. साहेबाच्या जिभेला ‘ळ’ झेपला नाही, एवढंच.

मूळचा शब्द ‘डूलाली टॅप’. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! पुण्या-मुंबईत ‘डूलाली टॅपरूम’मध्ये बिअर पिणाऱ्याला मात्र नळच आठवत असणार.

एकोणिसाव्या शतकात देवळालीला लष्कराची छावणी होती. मुदत संपलेले सोल्जर तिथून मुंबईला जायचे, पुढे जहाजाने विलायतेला. पण ही जहाजं सुटायची हिवाळी हंगामात. उन्हाळ्याच्या तोंडावर मुदत संपली की बसा दिवाळीपर्यंत. काम नाही, धाम नाही. दारू आणि हिवताप मात्र हवा तेवढा.

पुढे 1974 साली बीबीसीने देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिकाही काढली. वेड लागलं तरी कॉपीराइट त्यांचाच.

काही महिने वाट पाहिली, तर थेट शब्दकोशात जागा?

मग बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या धाड गावाने काय घोडं मारलंय? आम्ही तर पिढ्यानपिढ्या रेल्वेची वाट पाहतोय.

खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळातली. शंभरी कधीच उलटली. सर्वेक्षण झालं, पुन्हा झालं. कापूस न्यायचा होता तेव्हा कशी घाई होती बघा, 1870 साली जलंब-खामगाव फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय मेयो हजर! कापूस गेला, घाईही गेली. बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण, तिथे आजही स्टेशन नाही.

राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलंय म्हणे. कबूल करायला रूळ लागत नाहीत.

त्यात हा मार्ग आखलाय चिखली, देऊळगाव राजावरून. म्हणजे उद्या गाडी आलीच, तरी धाडला यायचीच नाही.

तरी निवडणुकीच्या सभेत ‘रेल्वे आलीच समजा’ ऐकून धाडकर टाळ्या वाजवतो.

डूलाली?

छे. सभा लवकर आटपली, तर त्याला बुलढाण्याहून शेवटची एसटी मिळते.