नवशिक्यांसाठी जिद्द : सदाशिव पेठ आवृत्ती

सर्वप्रथम ध्येय ठरवावं, आणि ते लहान ठेवू नये. मनात तलाठ्याची जाहिरात घोळत असली, तरी पुण्याला निघताना एसटीत शेजारी बसलेल्या काकांना ‘कलेक्टर’ असंच सांगावं. केंद्राच्या परीक्षेला दहा लाखांच्या घरात अर्ज येतात आणि जागा हजाराच्या आसपास असतात. या आकड्यांनी खचू नये. ते हजार म्हणजे आपण आणि आपले नऊशे नव्याण्णव सहकारी, असं समजावं. याला सकारात्मक मानसिकता म्हणतात.

मग कॉट बेसिसवर जागा बघावी. एका खोलीत चार कॉट, चार भावी अधिकारी आणि एक प्लग पॉइंट. अभ्यासिकेत टेबल मिळालं की अप्पा बळवंत चौकातून लक्ष्मीकांत आणून त्यावर उघडं ठेवावं आणि चहाला जावं. राज्यघटनेवरचं हे पुस्तक भरपूर जाड असल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने हलत नाही. जागा धरायला याहून चांगलं साधन अजून निघालेलं नाही.

आता मुख्य काम : टाइमटेबल. याला निदान एक पूर्ण दिवस द्यावा. कार्डशीट, पट्टी, स्केचपेन. इतिहासाला तपकिरी, पर्यावरणाला हिरवा. अर्थशास्त्राला कुठला रंग, यावर रूममेटशी चर्चा करावी, त्यात दुपार जाते. वर मोठ्या अक्षरांत आपलं नाव आणि पुढे ‘उपजिल्हाधिकारी’. पहिली ओळ नेहमी ‘पहाटे ४ ते ६’ अशी असते. चारच्या गजराने खोलीतले तिघे उठतात; लावणारा उठत नाही. उठणं हुकलं तर टाइमटेबल सोमवारपासून लागू करावं, सोमवार हुकला तर एक तारखेपासून, आणि एक तारीख भाद्रपदात येत असेल तर सरळ गणपती उठल्यावर. मानाचे गणपती लक्ष्मी रोडवरून जात असताना इकडे राज्यशास्त्र वाचत बसणं हा पेठेचा अपमान आहे.

जिद्द रात्री अकरानंतर ओसरते. तेव्हा टॉपरचं भाषण लावावं. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, आईने दागिने गहाण ठेवले, इथे पार्श्वसंगीत वाढतं आणि आपल्याही अंगावर काटा येतो. तो आला की दिवसभराचा अभ्यास झाल्यासारखं वाटतं, हा या उपायाचा खरा गुण. याच भाषणात मध्येच कुठेतरी तो बिचारा सांगून जातो, की मागच्या दहा वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवले आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला. त्यावर टाळ्या पडत नाहीत. तेवढ्यात पाणी पिऊन यावं. (माझ्या मते अख्ख्या भाषणात कामाचं तेवढंच असतं; पण तेवढंच सांगितलं तर सत्काराला कोण बोलावणार?)

परीक्षेत उत्तर येत नसेल तर आतला आवाज ऐकावा. आतला आवाज बहुधा ‘सी’ म्हणतो. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापतात, केंद्राच्या परीक्षेत एक तृतीयांश. त्यामुळे आत्मविश्वास राज्यात थोडा स्वस्त पडतो.

मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. त्या दिवशी जिद्द वडापाववर भागवावी.

राहिली सामूहिक जिद्द. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार हे २०२२ मध्ये जाहीर झालं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, तेव्हा आयोगाने तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला. योगायोग असा, की नव्या पद्धतीत मुलाखतीसह एकूण गुणही २०२५. मिळालेल्या दोन वर्षांत उत्तरं लिहायचा सराव करता येत होता. काहींनी तो केलाही. मात्र ते आंदोलनाच्या फोटोत फारसे दिसत नाहीत.

दिवाळीला घरी जाण्याआधी एवढं पाठ करून ठेवावं. फराळाच्या ताटावर काका विचारणारच, ‘‘काय रे, निघाली का पोस्ट?’’ उत्तर शांतपणे द्यावं, ‘‘काका, आयोगाने पॅटर्न बदललाय.’’ काका मान डोलावतात आणि दुसरी करंजी उचलतात. पुढच्या दिवाळीला मात्र हेच उत्तर देऊ नये, त्यांना आठवतं. तेव्हा ‘रिझल्ट कोर्टात अडकलाय’ हे जास्त चालतं.