सभासद नसलेले पाहुणे

चिंचवडच्या सोसायट्यांत स्विमिंग पूलवर पाटी असते: टोपी सक्तीची, शॉवर घेऊनच उतरावे, पाहुण्यांना जादा शुल्क. हळदी-कुंकू बदकांची जोडी पाटी वाचत नाही. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका मिरवत पहाटे उतरते, काठावरच्या टाइल्सवर पावती ठेवून जाते.

मग कमिटीची मीटिंग. कुणी प्लॅस्टिकचं घुबड सुचवतं, कुणी चमकत्या फिती. घुबड चार दिवसांत ओळखीचं होतं. बदकं त्याच्याच सावलीत पंख साफ करत बसतात. खरा उपाय एकच, वापर नसेल तेव्हा पूल झाकणं. पण आच्छादनाचा खर्च मेंटेनन्समधून की सिंकिंग फंडातून, इथे घोडं अडतं. दगड मारावा, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

"पवना एवढी जवळ असताना यांना आमचाच पूल सापडतो?" एक काका तावातावाने विचारतात.

जवळ आहेच की. मोरया गोसावींच्या समाधीजवळून वाहते. म्हणजे जलपर्णी बाजूला केली तर वाहताना दिसते. शिवाय सांडपाणी, अधूनमधून फेस. त्यापेक्षा बदकांना क्लोरीन बरं वाटलं असावं. कमिटीकडे निदान पाणी तपासल्याचा रिपोर्ट तरी असतो.