दम कमी पडतोय

अण्णांकडे जेवायला गेलं की हात धुऊन थेट गॅरेजमध्ये जावं लागतं. तिथे ते तुमच्या हातात टॉर्च देतात आणि तुम्ही दीड तास एका नटावर उजेड पाडत उभे राहता. अण्णांना तुम्ही ओळखता. आमचे अण्णा कॅनडात किचनरला राहतात म्हणून वेगळे समजू नका. नीट चालणारी वस्तू ज्याला बघवत नाही असा माणूस तुमच्याही सोसायटीत आहेच, आणि तुमच्या मिक्सरचं झाकण त्याने एकदा तरी उघडलेलं आहे.

जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल अण्णांचं निदान एकच: "दम कमी पडतोय." मिक्सर, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर इथवर माझी तक्रार नाही. पण मंडळाच्या गणपतीत आरती रंगात आलेली असताना ते माझ्या कानाशी लागून म्हणतात, "झांजांना दम कमी पडतोय." वहिनींच्या कटाच्या आमटीबद्दल एकदा म्हणाले, त्यानंतर आठवडाभर त्या घरात आमटी झाली नाही. होणारा जावई पहिल्यांदा घरी येऊन गेला, बिचारा अजून गाडीचा दरवाजा लावतच होता, तोवर अण्णांनी खिडकीतून निकाल दिला. तो मोठ्याने दिला. जावई अजून जिमला जातो.

तर या गृहस्थांनी निवृत्तीच्या पैशांतून ती गाडी घेतली. 1970 च्या आसपासची, पाण्यातही चालणारी सहाचाकी. दिसायला चाकं लावलेला न्हाणीघरातला टब. आमच्या जवळच न्यू हॅम्बर्गला 1967 साली आर्गो नावाची अशीच गाडी बनू लागली आणि ती कंपनी अजून तग धरून आहे. पण त्या काळात अमेरिका-कॅनडात असल्या गाड्या काढणाऱ्या इतर बहुतेक कंपन्या बुडाल्या. गाड्या तरंगायच्या, कंपन्या बुडायच्या. त्या गाड्या मग कोठारांत गवताखाली पडून राहिल्या, कुणीतरी अण्णा येईपर्यंत.

हिला स्टिअरिंग नाही, दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावीकडची चाकं थांबतात, उजवीकडची फिरत राहतात आणि गाडी जागच्या जागी वळते. स्प्रिंगाही नाहीत. फुगीर टायरांत फुटबॉलपेक्षाही कमी हवा, तेच स्प्रिंगांचं काम करतात. आणि पाण्यात वल्ह्यांचंही, कारण पंखा वगैरे काही नाही. टायरांच्या खाचा पाणी मागे लोटतात आणि स्वारी माणूस चालतो तेवढ्या वेगाने पुढे सरकते.

अण्णांनी पहिली फेरी मारली आणि काय म्हणाले ते मी लिहीत नाही.

मूळचं इंजिन टू-स्ट्रोक, 18 हॉर्सपॉवरचं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायचं आणि गल्लीभर निळा धूर करायचा. अण्णांनी ते काढलं आणि भंगारातल्या लॉन ट्रॅक्टरचं जाडजूड फोर-स्ट्रोक विकत आणलं. घरी आल्यावर लक्षात आलं की त्याचा शाफ्ट उभा, खाली जमिनीकडे तोंड केलेला. गवत कापायला तसाच लागतो. गाडीला लागतो आडवा. "आडवं पाडून बसवू या की," मी म्हटलं. अण्णांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. आडवं पाडलं तर ऑइल भलतीकडे जातं हे मला कसं ठाऊक असणार, मी बँकेत होतो.

मग एका जुन्या प्रेशर वॉशरचं दोन सिलिंडरी, 23 हॉर्सपॉवरचं, आडव्या शाफ्टचं सापडलं. आता सुटलो असं मला वाटलं. पण जुनं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे मारणारं, नवं छत्तीसशेच्या वर जात नाही. जुना क्लच वेगाच्या जोरावर पकडणारा. त्याला हे सावकाश काम मानवेना. क्लच बदलला. नव्या क्लचचा ओढा चेनला सोसेना. चेन जाड घातली, तर स्प्रॉकेटचे दात गेले. दर रविवारी दम एका भागातून निघून पुढच्या भागात कमी पडायचा, आणि मी टॉर्च घेऊन त्याच्या मागोमाग.

काम चालू असताना अण्णा बेन कार्लिनची गोष्ट सांगत. हा ऑस्ट्रेलियन गडी बंगालमधल्या कलाईकुंडाच्या विमानतळावर लष्कराची पाण्यात चालणारी जीप बघून वेडा झाला. 1950 साली अशीच एक जीप घेऊन बायकोसकट इथल्या हॅलिफॅक्सहून निघाला, अटलांटिक ओलांडला आणि 1958 पर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. "इंजिन किती हॉर्सपॉवरचं?" मी विचारलं. "60," अण्णा म्हणाले, आणि जरा थांबून, "दम कमीच पडला असणार."

शेवटी सेंट जेकब्सजवळच्या एका शेतकऱ्याच्या तळ्यावर चाचणी ठरली. तिकडे जुन्या वळणाचे मेनोनाइट राहतात. ते घोड्यांच्या बग्गीतून हिंडतात, आणि त्यांच्यातले काही तर ट्रॅक्टरसुद्धा वापरत नाहीत. हा त्यांतलाच. गाडी चिखलातून अशी मुसंडी मारत गेली की मीही टाळी वाजवली. पाण्यात उतरली आणि पूर्वी जेवढ्या वेगाने जायची तेवढ्याच वेगाने निघाली. अण्णांनी थ्रॉटल दाबला. टायर फेस काढू लागले. जड इंजिनाने मागची बाजू पाण्यात इतकी दबली होती की त्यांची चड्डी भिजली. मग एका बाजूची चेन तुटली. एकाच बाजूची चाकं फिरू लागल्यावर गाडी काय करणार? तळ्याच्या मधोमध प्रदक्षिणा घालू लागली. दर फेरीला अण्णांचं तोंड आमच्याकडे यायचं आणि ते इंजिनावर ओरडून काहीतरी सांगायचे. काय ते ऐकू येण्याची गरज नव्हती.

शेतकऱ्याने दोन बेल्जियन घोडे आणले आणि दोर फेकला. 23 हॉर्सपॉवरचं इंजिन दोन घोड्यांनी मुकाट्याने बाहेर काढलं. अण्णा निथळत खाली उतरले, घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाले, "याला दम आहे." वीस वर्षांच्या ओळखीत ही एवढीच स्तुती मी त्यांच्या तोंडून ऐकली आहे. ती मराठीत असल्यामुळे घोड्याला कळली नाही.

परतताना मी चिडलेलोच होतो. "अण्णा, टायरांनी पाणी लोटायचं, तर इंजिन कितीही मोठं घातलं तरी वेग वाढणार कसा? एवढं माझ्यासारख्याला कळतं. तुम्ही तर इंजिनिअर."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आटपाडीकडच्या त्यांच्या मळ्याचं सांगू लागले. 1972 चा दुष्काळ. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, काठावर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणि पंप. पाणी वर येईना. मिस्त्रीने सांगितलं, पंप खाली उतरवा. सात-आठ मीटरच्या खालचं पाणी काठावरचा पंप ओढत नाही, इंजिन कितीही मोठं लावा. वडील म्हणाले, दम कमी पडतोय. सोसायटीचं कर्ज काढून आठ हॉर्सपॉवरचं आणलं. बैलगाडीतून ते इंजिन उतरवताना अण्णा आठ वर्षांचे होते आणि त्यांच्या हातात कंदील होता.

"आलं पाणी?" मी विचारायला नको होतं.

"आवाज फार भारी होता त्याचा," अण्णा म्हणाले. "पार वाडीपर्यंत ऐकू जायचा."

अण्णांचा वाढदिवस जवळ आलाय. वहिनी, जावई आणि मी मिळून वर्गणी काढली आहे. गाडीच्या मागे बांधायला एक छोटी आउटबोर्ड मोटर घ्यायची, पंख्याची, म्हणजे पाण्यात तरी टायरांवर भिस्त नको. दुकानदाराने गाडीचं वर्णन ऐकून घेतलं आणि अडीच हॉर्सपॉवरची दाखवली. म्हणाला, एवढ्याला ही पुष्कळ झाली. जावयाने मान हलवली. मी ती मोटर खालून-वरून पाहिली, उचलून पाहिली, आणि विचारलं, "सहाची नाही का?"